वेब ऑडिओमध्ये आवाज हळूहळू कसा बदलावा : पॅरामीटरचे वेळापत्रक लावण्याची पहिली ओळख

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने सूर निर्माण करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. एक ऑडिओकॉन्टेक्स्ट (आवाजाची सारी जुळणी सांभाळणारी वस्तू) तयार करावा, त्यात सूर काढणारा ऑसिलेटर बनवावा, तो आवाज कमीजास्त करणाऱ्या गेन नोडला आणि गेन नोड डेस्टिनेशनला, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या टोकाला, जोडावा, ऑसिलेटर सुरू करावा, की ४४० हर्ट्झचा सूर कानावर येतो. खरी अडचण येते ती हा सूर थांबवताना. गेनच्या व्हॅल्यूत थेट ० भरले, तर आवाज बंद होण्याच्या क्षणी स्पीकरमधून ‘टक्’ असा खटका येतो आणि नवशिका आपले हेडफोन तपासू लागतो. दोष हेडफोनचा नसतो. ध्वनिलहर माथ्यावर असताना तिला एका सॅम्पलच्या (ध्वनीच्या एका मोजमापाच्या) अवधीत शून्यावर आणले, तर त्या उडीत जवळजवळ सर्व वारंवारतांचा थोडाथोडा अंश मिसळलेला असतो आणि कानाला तो खटका म्हणून जाणवतो. उडीच्या जागी अगदी लहानसा उतार दिला तरी काम भागते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील, तर १० मिलिसेकंदांचा उतार म्हणजे ४४१ सॅम्पल झाले, आणि बहुतेक सुरांना तेवढी उसंत पुरते.

काही जुनी उदाहरणे वाचताना असा प्रश्न पडतो की त्यांत व्हॅल्यू सरळ बदललेली असूनही त्या काळी खटका कसा येत नव्हता. पूर्वी काही ब्राउझर गेन बदलला की स्वतःहून त्याला थोडा गुळगुळीतपणा देत असत. पुढे ही सोय काढून टाकण्यात आली आणि १७ जून २०२१ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेब ऑडिओ एपीआय अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध केला, त्यातही ती नाही. त्यामुळे आता बदल किती वेळात आणि कोणत्या वळणाने व्हावा हे आपणच सांगावे लागते. ते सांगण्याच्या पद्धती मोजक्या आहेत. पण त्यांतील एक गोष्ट समजली नाही, तर उरलेल्या सर्व पद्धती विचित्र वागतात असे वाटत राहते. ती गोष्ट दुसऱ्या पायरीत येईल.

या लेखात मेथडची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत, सर्व शब्द एकमेकांना जोडून, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करून लिहावीत.

पहिली पायरी : घड्याळ ओळखून घ्यावे

हळूहळू बदल करायचा म्हटले की सेटइंटरव्हल लावून दर काही मिलिसेकंदांनी व्हॅल्यू थोडीथोडी कमी करावी, हा विचार सर्वप्रथम सुचतो. तो टाळावा. सेटइंटरव्हल पानाच्या मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामांच्या मुख्य रांगेवर, चालतो. तेथे चित्रे रंगवणे, क्लिक हाताळणे अशी इतर कामे रांगेत असतात, आणि टॅब मागे गेला की ब्राउझर अशा टायमरांना सेकंदातून जेमतेम एकदा जाग येऊ देतो. शिवाय तो वेळेवर चालला तरी आपण शेवटी लहानलहान पायऱ्याच बनवत असतो, आणि त्या पायऱ्यांची खरखर शांत सुरात स्पष्ट ऐकू येते.

ऑडिओकॉन्टेक्स्टचे स्वतःचे घड्याळ असते. त्याचे नाव करंटटाइम. ते सेकंदांत मोजते, कॉन्टेक्स्ट चालू असेल तेवढाच वेळ पुढे सरकते आणि आवाज तयार करणाऱ्या थ्रेडबरोबर चालते. हा थ्रेड १२८ सॅम्पलांच्या तुकड्यांत काम करतो. ४४,१०० च्या दराने असा एक तुकडा सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो. पॅरामीटरला, म्हणजे गेनसारख्या बदलता येणाऱ्या मूल्याला, वेळ सांगायची ती नेहमी याच घड्याळाची. फंक्शनच्या आरंभी करंटटाइम एकदाच वाचून ‘आत्ता’ अशा नावाच्या चलात ठेवावा आणि पुढचे सगळे हिशेब त्याच्यावरूनच करावेत, म्हणजे एकत्र लावलेल्या सर्व घटनांना एकच आधार मिळतो.

वापरकर्त्याने पानावर क्लिक किंवा स्पर्श करीपर्यंत बहुतेक ब्राउझर कॉन्टेक्स्टला स्थगित ठेवतात. तोपर्यंत घड्याळही थांबलेले असते. बटणाच्या हँडलरमध्ये रिझ्यूम ही मेथड बोलावावी. ‘माझा फेड (आवाजाचा हळूहळू होणारा बदल) चालतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते.

दुसरी पायरी : आधी खुंटी, मग उतार

गेन, ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी, फिल्टरची कटऑफ फ्रिक्वेन्सी, स्टिरिओ पॅनरचा पॅन हे साधे आकडे नसून ऑडिओपॅरॅम या जातीच्या वस्तू आहेत. अशी प्रत्येक वस्तू आपल्याजवळ घटनांची एक यादी बाळगते, आणि ती यादी म्हणजेच तिचे वेळापत्रक. हे वेळापत्रक भिंतीवर ठोकलेल्या खुंट्यांसारखे समजावे. सेटव्हॅल्यूॲटटाइम ही मेथड एक खुंटी ठोकते : अमुक वेळेला मूल्य अमुक असेल, आणि पुढची घटना येईपर्यंत तेच राहील. लिनिअररॅम्पटूव्हॅल्यूॲटटाइम ही मेथड दुसरी खुंटी ठोकते आणि आधीच्या खुंटीपासून तिच्यापर्यंत दोरी ताणते. येथे एक भेद डोळ्यांत भरला पाहिजे. सेटव्हॅल्यूॲटटाइमला दिलेली वेळ ही आरंभाची असते, तर रॅम्पला दिलेली वेळ शेवटाची असते. रॅम्प केव्हा सुरू व्हावा हे सांगण्यासाठी त्यात जागाच ठेवलेली नाही. तो आधीच्या खुंटीपासून सुरू होतो. आपण मेथड केव्हा बोलावली याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नसते.

याचा फटका कसा बसतो ते आकड्यांतच पाहावे. समजा, घड्याळ १ सेकंदावर असताना आपण गेनला १ ची खुंटी ठोकली. सूर वाजत राहिला. १० व्या सेकंदाला वापरकर्त्याने थांबा म्हटले, आणि आपण फक्त एक ओळ लिहिली : १२ व्या सेकंदापर्यंत रॅम्पने ० वर ये. आपल्या मनात दोन सेकंदांचा उतार आहे. ब्राउझरच्या हिशेबी मात्र दोरी १ ल्या सेकंदापासून १२ व्या सेकंदापर्यंत, म्हणजे अकरा सेकंदांची ताणली गेली. त्यांपैकी नऊ सेकंद आधीच उलटून गेले आहेत. म्हणून १० व्या सेकंदाला गेन १ वरून एकदम २ भागिले ११, म्हणजे सुमारे ०.१८ वर कोसळतो आणि उरलेले दोन सेकंद तेवढाच क्षीण आवाज विझत राहतो. मी हा प्रकार प्रथम अनुभवला तेव्हा एक पूर्ण संध्याकाळ गेन नोडच्या जोडण्या उलटसुलट करून पाहण्यात घालवली होती, कारण फेड ऐकू तर येत होता. त्याची फक्त सुरुवात हरवत होती.

उपाय एका ओळीचा आहे. उतारापूर्वी, उतार जेथून सुरू व्हायचा त्या क्षणाची खुंटी ठोकावी.

आत्ता = कॉन्टेक्स्ट.करंटटाइम
गेन.सेटव्हॅल्यूॲटटाइम(१, आत्ता)
गेन.लिनिअररॅम्पटूव्हॅल्यूॲटटाइम(०, आत्ता + २)
ऑसिलेटर.स्टॉप(आत्ता + २.०५)

शेवटच्या ओळीत उताराच्या पुढे थोडी जागा मुद्दाम सोडली आहे. एकदा थांबलेला ऑसिलेटर पुन्हा सुरू करता येत नाही. पुढच्या सुरासाठी नवा बनवावा. नवा बनवणे स्वस्त असते, त्यामुळे त्यात काटकसर करू नये.

यादी रिकामी असताना रॅम्प लावला तर काय होते, असे कोणी विचारील. आजच्या नियमानुसार मेथड बोलावण्याच्या क्षणी तत्कालीन मूल्याची खुंटी आपोआप ठोकल्यासारखे मानले जाते. तरीही तिच्यावर विसंबू नये, कारण तोच कोड दुसऱ्यांदा चालतो तेव्हा यादी रिकामी राहिलेली नसते.

तिसरी पायरी : उताराचे वळण कानाने निवडावे

सरळ रेषा डोळ्यांना समान दिसते, कानाला मात्र ती समान वाटत नाही, कारण आवाजाची तीव्रता आणि सुराची उंची दोन्ही आपण फरकाने नव्हे तर पटीने ओळखतो. गेन १ वरून ० वर सरळ रेषेत आणला, तर अर्धा वेळ संपतो तेव्हा तो ०.५ असतो, म्हणजे आवाज केवळ सुमारे ६ डेसिबलने उतरलेला असतो. उरलेली सगळी घसरण दुसऱ्या अर्ध्यात, आणि त्यातही अगदी शेवटी कोंबली जाते. म्हणून लांबलचक सरळ फेड ‘काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि एकदम गेला’ असा भासतो.

एक्स्पोनेन्शियलरॅम्पटूव्हॅल्यूॲटटाइम ही मेथड प्रत्येक समान अवधीत मूल्याला समान पटीने बदलते. १ वरून ०.००१ वर दोन सेकंदांत आणायचे असेल, तर निम्म्या वाटेवर मूल्य सुमारे ०.०३१६ असते; एकूण ६० डेसिबलची घट दर सेकंदाला ३० डेसिबल अशी समान वाटली जाते.

सुराच्या बाबतीत हा फरक संगीत जाणणाऱ्याला अधिक चटकन कळेल. ४४० हर्ट्झला षड्ज मानून ८८० च्या तार षड्जापर्यंत मींड घ्यायची आहे. सरळ रॅम्प लावला, तर अर्ध्या वेळी सूर ६६० हर्ट्झवर, म्हणजे नेमका पंचमावर पोहोचलेला असतो. बारांपैकी सात अर्धस्वर पहिल्या अर्ध्यात संपले आणि दुसऱ्या अर्ध्याला पाचच उरले. म्हणून अशी मींड सुरुवातीला घाई करते आणि वर गेल्यावर रेंगाळते. एक्स्पोनेन्शियल रॅम्प अर्ध्या वेळी ६२२.२५ हर्ट्झवर, म्हणजे समविभाजित सप्तकातल्या तीव्र मध्यमावर असतो : सहा अर्धस्वर मागे, सहा पुढे. फ्रिक्वेन्सीसाठी, मग ती ऑसिलेटरची असो की फिल्टरची, मी दुसरे वळण सहसा निवडतच नाही.

एक्स्पोनेन्शियल वळणाला मात्र शून्य चालत नाही. कितीही पटींनी कमी केले तरी शून्य येत नाही, हे गणित आहे. त्यामुळे लक्ष्य म्हणून ० दिल्यास रेंजएरर येतो. याहून फसवा प्रकार म्हणजे आरंभीचे मूल्य ० असणे, किंवा आरंभ आणि शेवट यांची चिन्हे परस्परविरुद्ध असणे. तेव्हा कोणतीही चूक दाखवली जात नाही; मूल्य सगळा वेळ जागच्या जागी बसून राहते आणि शेवटच्या क्षणी उडी मारते. ध्वनी मंदावताना ०.००१ पर्यंत एक्स्पोनेन्शियल रॅम्पने यावे आणि पुढचे काही मिलिसेकंद सरळ रॅम्पने ० गाठावे. आवाज चढवताना मात्र मी बहुधा सरळ रॅम्पच वापरतो. ०.००१ वरून एक्स्पोनेन्शियल चढण निम्म्या वाटेवरही पूर्ण आवाजाच्या ३० डेसिबल खाली असते, आणि ऐकणाऱ्याला सूर उशिरा सुरू झाल्यासारखा वाटतो.

चौथी पायरी : स्लायडरसाठी लक्ष्याकडे सरकणारे मूल्य

वापरकर्ता स्लायडर ओढत असतो तेव्हा पुढचे मूल्य काय असेल आणि ते केव्हा येईल हे आपल्याला ठाऊक नसते. अशा जागी खुंट्यांचा हिशेब ठेवणे जिकिरीचे होते. तेथे सेटटार्गेटॲटटाइम वापरावे. तिला लक्ष्य, आरंभाची वेळ आणि कालस्थिरांक अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात. त्या वेळी मूल्य जेथे असेल तेथूनच ते लक्ष्याकडे निघते, म्हणून येथे वेगळी खुंटी लागत नाही. सरकता सरकता नवे लक्ष्य मिळाले, तर तेथूनच वाट बदलते. मध्ये उडी येत नाही.

कालस्थिरांक म्हणजे पोहोचण्याचा वेळ नव्हे, ही समजूत आधीच पक्की करावी. एका कालस्थिरांकात उरलेल्या अंतराचा सुमारे ६३.२ टक्के भाग कापला जातो, तीन कालस्थिरांकांत सुमारे ९५ टक्के आणि पाचांत सुमारे ९९.३ टक्के. गणिताच्या दृष्टीने लक्ष्य कधीच पूर्ण गाठले जात नाही. म्हणून ०.३ सेकंदांत बदल जवळपास आटोपावा असे वाटत असेल, तर ०.१ द्यावे. आवाजाच्या स्लायडरला ०.०१ ते ०.०२ सेकंद पुरे होतात. त्याहून जास्त दिल्यास बोट आणि आवाज यांत अंतर जाणवू लागते. याच पद्धतीने १ वरून ० कडे नेऊन ऑसिलेटर थांबवायचा असेल, तर मी सात कालस्थिरांक थांबतो : तेव्हा गेन ०.०००९ च्या आसपास, म्हणजे ६० डेसिबलहून थोडा अधिकच खाली गेलेला असतो आणि तोडल्याचा खटका ऐकू येत नाही.

पाचवी पायरी : चालू उतार मध्येच मोडणे

नवशिक्यांची सर्वाधिक दमछाक येथे होते. ५ व्या सेकंदाला गेन ० होता आणि ९ व्या सेकंदापर्यंत तो १ वर न्यायचा सरळ रॅम्प चालू आहे, असे धरू. ७ व्या सेकंदाला, मूल्य ०.५ असताना, वापरकर्त्याने आवाज बंद केला. कॅन्सलशेड्यूल्डव्हॅल्यूज या मेथडचे नाव ऐकून वाटते की ती उतार जागीच थांबवील. ती दिलेल्या वेळेच्या आणि त्यानंतरच्या घटना यादीतून पुसते, आणि रॅम्पची वेळ म्हणजे त्याच्या शेवटाची वेळ. आपल्या रॅम्पची नोंद ९ व्या सेकंदाची आहे, म्हणून तो सगळाच्या सगळा पुसला जातो. दोरीचे पुढचे टोक गेले की दोरीच राहिली नाही. उरली ती ५ व्या सेकंदाची ० ची खुंटी. मूल्य ०.५ वरून क्षणात ० होते, आणि जो खटका टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तोच पुन्हा ऐकू येतो.

याचा क्रम असा ठेवावा. प्रथम पॅरामीटरची व्हॅल्यू वाचून चलात ठेवावी, नंतर आत्तापासूनच्या घटना पुसाव्यात, मग वाचलेल्या मूल्याची खुंटी आत्ताच्या वेळेवर ठोकावी आणि शेवटी नवा उतार लावावा.

होते = गेन.व्हॅल्यू
गेन.कॅन्सलशेड्यूल्डव्हॅल्यूज(आत्ता)
गेन.सेटव्हॅल्यूॲटटाइम(होते, आत्ता)
गेन.लिनिअररॅम्पटूव्हॅल्यूॲटटाइम(०, आत्ता + ०.०५)

वाचलेली व्हॅल्यू नुकत्याच संपलेल्या तुकड्याची असते, त्यामुळे तीत किंचित शिळेपणा असतो. साध्या फेडला तो चालून जातो. काटेकोरपणा हवा असेल, तर उताराचा आरंभ, शेवट आणि दोन्ही वेळा आपणच दिलेल्या असल्याने त्या क्षणाचे मूल्य आपणच काढावे. कॅन्सलअँडहोल्डॲटटाइम ही मेथड हेच काम नेमकेपणाने करते : ती पुढच्या घटना पुसते आणि उतार जेथे होता तेथे खुंटी ठोकते. मात्र ती प्रत्येक ब्राउझरमध्ये सापडेलच असे नाही, म्हणून बोलावण्यापूर्वी ती अस्तित्वात आहे का ते तपासावे आणि नसल्यास वरचा क्रम वापरावा.

सेटटार्गेटॲटटाइमची गोष्ट उलटी आहे. तिच्या घटनेची वेळ आरंभाची असते, त्यामुळे आधीच सुरू झालेले सरकणे ‘आत्तापासून पुसा’ म्हटल्याने पुसले जात नाही. ते चालूच राहते. त्याला थांबवायचे तर नवी खुंटी किंवा नवे लक्ष्य द्यावे.

सहावी पायरी : आपले स्वतःचे वळण

तयार वळणांनी भागत नसेल, तर सेटव्हॅल्यूकर्व्हॲटटाइमला आकड्यांची मालिका, आरंभाची वेळ आणि अवधी द्यावा. मालिकेत किमान दोन आकडे हवेत. मधल्या जागा ब्राउझर सरळ रेषांनी भरतो. याचा उत्तम उपयोग एक ध्वनी विझवून दुसरा वर आणताना होतो. दोन असंबद्ध ध्वनी सरळ रेषांनी अदलाबदल केले, तर मधोमध दोन्ही ०.५ वर असतात, एकूण शक्ती निम्मी होते आणि ३ डेसिबलचा खड्डा पडतो. जाणाऱ्याला कोसाइनचे आणि येणाऱ्याला साइनचे पाव वर्तुळ दिले, की मधोमध दोन्ही ०.७०७ वर येतात आणि शक्ती कायम राहते. मात्र दोन्हीकडे एकच ध्वनी असेल, तर सरळ रेषाच बरोबर ठरते. वळणाच्या अवधीत त्याच पॅरामीटरवर दुसरी घटना बसवू नये. ब्राउझर ती नाकारतो आणि नॉटसपोर्टेडएरर देतो.

सतत झुलणारा बदल हवा असेल, उदाहरणार्थ सुराला कंप द्यायचा असेल, तर वेळापत्रक लावतच बसू नये. ५ हर्ट्झचा दुसरा ऑसिलेटर घ्यावा, त्याला ६ गेनच्या नोडमधून न्यावे आणि त्या नोडचे टोक थेट पहिल्याच्या फ्रिक्वेन्सीला जोडावे. येणारा सिग्नल पॅरामीटरच्या मूळ मूल्यात मिळवला जातो, म्हणून सूर ४३४ आणि ४४६ हर्ट्झ यांच्या दरम्यान झुलतो.

आकड्यांनी खात्री करणे

कान थकतात आणि सवयीने चुकाही पचवतात. वेळापत्रक मनासारखे बसले की नाही हे पाहण्यासाठी ऑफलाइनऑडिओकॉन्टेक्स्ट हाताशी ठेवावा. एका चॅनेलचा, ८८,२०० सॅम्पलांचा आणि ४४,१०० दराचा असा कॉन्टेक्स्ट बनवावा. त्यात कॉन्स्टंटसोर्स नोड ठेवून डेस्टिनेशनला जोडावा आणि सुरू करावा. या नोडमधून स्थिर आकडा बाहेर पडतो आणि तो आकडा म्हणजे त्याचा ऑफसेट हा पॅरामीटर. त्यामुळे ऑफसेटवर लावलेले वेळापत्रक सॅम्पलांमध्ये जसेच्या तसे उतरते. स्टार्टरेंडरिंगने दोन सेकंदांचा बफर क्षणात तयार होतो आणि तो कन्सोलवर तपासता येतो.

पहिल्या प्रयोगासाठी ० व्या सेकंदाला १ ची खुंटी ठोकावी, २ ऱ्या सेकंदापर्यंत ० चा सरळ रॅम्प लावावा आणि ४४,१०० क्रमांकाचे सॅम्पल छापावे, ते ०.५ च्या जवळ येईल. मग रॅम्पच्या आधी १ ल्या सेकंदाला १ ची आणखी एक खुंटी घालून तेच सॅम्पल पुन्हा छापावे. आता ते १ येईल आणि उतार खरोखर त्याच क्षणी सुरू होताना दिसेल.